तारे नसलेलं आकाश

चंद्रावरचं आकाश भर दिवसाही काळंकुट्ट असतं. मग त्यात तारे दिसायलाच हवेत, नाही का? शाल्मलीलाही तसंच वाटायचं, आणि म्हणूनच तिची पंचाईत झाली होती.

आई-बाबांबरोबर चंद्रावरच्या वसाहतीत राहायला आल्यापासून रोज एक फोटो काढून तो कराडला मामेभावाला, पुष्करला, पाठवायचा तिचा नेम होता. कॅमेरा नवा आणि हातही नवखा. पहिल्या फोटोत तर निम्मा तिचा हातमोजाच आला होता. हळूहळू राखाडी टेकड्या, बुटांचे ठसे, लांबलचक सावल्या नीट येऊ लागल्या. पण एकाही फोटोत औषधालासुद्धा तारा नव्हता.

आज पुष्करचा निरोप आला. "ताई, वर्गात मला थापाड्या म्हणतात. म्हणे तुझी बहीण काळ्या पडद्यासमोर उभी राहून फोटो काढते. मी सांगून सांगून थकलो. एक तरी तारा दाखव ना."

शाल्मलीचा चेहरा पडला. आपल्यापायी त्याला बोलणी खावी लागतात, हे तिला फार लागलं. ती तडक अनघाआत्याकडे गेली. आत्या वसाहतीतल्या दुर्बिणी सांभाळायची.

"आत्या, कॅमेरा बिघडलाय. तारे गिळतो."

"बिचाऱ्या कॅमेऱ्याला कशाला नावं ठेवतेस? कराडला नळाखाली बादली लावायचीस ना? नळ धो धो वाहत असला तर?"

"लगेच भरते."

"आणि थेंब थेंब गळत असला तर?"

"बसा वाट बघत."

"मग झालं तर. कॅमेऱ्यात शटर असतं (उघडझाप करणारा पडदा). ते उघडं असेपर्यंतच उजेड आत येतो. उन्हातली जमीन म्हणजे धो धो वाहणारा नळ. ती नीट यावी म्हणून तुझा कॅमेरा डोळ्याचं पातं लवायच्या आत शटर मिटतो. तेवढ्यात ताऱ्यांचा थेंबभर उजेड येऊन येऊन किती येणार?"

दोघी अंतराळपोशाख चढवून बाहेर गेल्या. शाल्मलीने कॅमेरा हातात धरूनच शटर बराच वेळ उघडं ठेवलं. फोटो बघून तिला रडावं की हसावं कळेना. जमीन चुना फासल्यासारखी पांढरी, आणि वर ताऱ्यांची वळवळती गांडुळं.

"हात हलला," आत्या म्हणाली. "आणि जमिनीची बादली कधीच भरून वाहिली."

मग त्यांनी वसाहतीच्या घुमटाच्या सावलीत तिकाटणं (कॅमेरा ठेवायची तीन पायांची घडवंची) लावलं, कॅमेरा सूर्याकडे पाठ करून वर वळवला आणि शटर पुन्हा बराच वेळ उघडं ठेवलं. या वेळी मात्र कॅमेऱ्याच्या पडद्यावर तारेच तारे उमटले. शाल्मलीला इतका आनंद झाला की ती तिथेच टुणकन उडाली आणि चंद्रावर असल्यामुळे बऱ्याच वेळाने खाली आली.

"आत्या, जमिनीचा नेहमीचा फोटो आणि हा जोडून एकच करू? कुणाला कळणार आहे?"

"करता येतं," आत्या एवढंच म्हणाली.

मग शाल्मलीच्या लक्षात आलं: मुलं पुष्करला ज्यावरून चिडवत होती, नेमकं तेच करायला आपण निघालो होतो. तिने दोन्ही फोटो वेगवेगळे पाठवले आणि सोबत बादलीची गोष्ट सांगितली.

दुसऱ्या दिवशी कराडहून दोन फोटो आले. एकात चंद्रावरचे डाग स्पष्ट, पण आकाश रिकामं. दुसऱ्यात चार-पाच तारे, पण चंद्राची नुसती पांढरी पुरी.

"ताई, आम्ही सगळ्यांनी शाळेच्या मैदानावर बादली भरून बघितली," पुष्कर सांगत होता. "आता थापाड्या कुणी म्हणत नाही. अख्खा वर्ग रोज एक फोटो काढणार आहे. सगळ्यात जास्त चिडवणारी शुभ्रा विचारते, रात्री आमच्या गावांचे दिवे तुला तिथून दिसतात का?"

अंतराळपोशाखात बाहेर तिकाटण्यापाशी उभ्या शाल्मलीने वर पाहिलं. पृथ्वीची लखलखीत कोर आणि तिच्या कुशीत काळोखी बाजू. दिव्यांचा उजेड थेंबभर, कोरीचा मात्र धो धो.

"आधी ती कोर झाकायला हवी," ती स्वतःशीच म्हणाली, आणि आत्याला न विचारता तिकाटणं घुमटाच्या कडेआड सरकवू लागली.