डाव्या कोपऱ्यातली फट

दिवा मालवू नकोस विवेक, नुसता मंद कर. तुमच्या या उबदार शुगर लँडमध्ये थंडी म्हणजे काय, ते कुणाला कळायचं नाही. श्रीरंग माझा धाकटा मित्र. त्याने सांगितलं तसंच सांगतो.

तिकडे उत्तरेला, बर्फातल्या मॅडिसनमधली गोष्ट. शनिवार, एकोणीस जानेवारी १९८५. श्रीरंग सकाळी हार्डवेअरच्या दुकानातून खिडकीला लावायचं पातळ प्लॅस्टिक आणि चिकटपट्टी घेऊन आला. जुनं घर, तळमजल्याची खोली, विद्यार्थ्याचा खिसा. हीटिंग वाढवणं परवडत नव्हतं. फटींत त्याने वर्तमानपत्राच्या घड्या कोंबल्या, चौकटीवर प्लॅस्टिक चिकटवलं आणि वरच्या मजल्यावरच्या लतिकाकडून मागून आणलेल्या हेअर ड्रायरने तापवून ते डफाच्या कातड्यासारखं ताणलं.

त्याचा रूममेट नंदू किल्ली हटकून विसरायचा आणि याच खिडकीतून आत यायचा. संध्याकाळी लॅबला निघताना तो म्हणाला, "वा, खिडकीला पैठणी नेसवलीस. पण डाव्या कोपऱ्यात फट राहिली, यार. प्लॅस्टिक फुगतंय."

"तेवढी तू बुजव."

"आलो की बुजवतो."

रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी काचेवर टकटक झाली.

"श्री, उघड. किल्ली राहिली."

श्रीरंग रजईत होता. त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच त्याचे पाय गरम झाले होते. खिडकी उघडायची म्हणजे दिवसभराचं काम फाडायचं.

"पुढच्या दाराने ये. उघडतो."

"चालवत नाही रे... पाय कळत नाहीत."

"नाटकं पुरेत. वीस पावलं तर आहेत."

टकटक. मग पुन्हा, हळू. मग...

दार वाजलं की उठू, असं त्याने ठरवलं. दार वाजलं नाही.

"काका, म्हणजे तो उठलाच नाही?"

नाही. त्याला झोप लागली. छान लागली.

सकाळी घरमालकाला नंदू दिसला. खिडकीखाली. बसलेला. डावा हात उघडा. त्या हाताचा मोजा पोलिसांना सापडला नाही.

पुढच्या रात्री श्रीरंग खोलीत एकटा होता. बाहेर वारा घोंघावत होता. प्लॅस्टिक मात्र हलत नव्हतं. जराही नाही... त्याने दिवा लावला.

चिकटपट्टी चारही बाजूंनी अखंड. प्लॅस्टिकवर सुरकुती नाही. आणि प्लॅस्टिकच्या आत, डाव्या कोपऱ्यातल्या फटीत, नीट घडी घालून बसवलेला... नंदूचा मोजा.

खोली उबदार होती. मोज्यावरचा बर्फ वितळला नव्हता.