कापगते समिती, नव्वद दिवस

भिंतीवरच्या कॅलेंडरात जुलै लागला होता, पण अभ्यासिकेतल्या टेबलांवर सगळीकडे ऑगस्ट आणि सप्टेंबर उघडे पडले होते. साडेसहाला दार उघडलं की मुलं आधी पंख्याखालची जागा धरत आणि मग 'पूर्वांक' काढत. मागच्या महिन्यात काय झालं हे आता कोणी वाचत नव्हतं.

पूर्वांक निघाल्याला चार वर्षं झाली होती. पावसाचे अंदाज, उपग्रहांची छायाचित्रं, पूल आणि तलाव यांच्यात बसवलेले संवेदक, सरकारी कचेऱ्यांतल्या फायली, बदल्यांचे आदेश हे सगळं वाचून एक भाकितयंत्र पुढच्या तीन महिन्यांच्या चालू घडामोडी लिहून ठेवायचं. प्रत्येक ओळीपुढे शक्यतेची टक्केवारी. दहातल्या सात-आठ ओळी खऱ्या निघत. सप्टेंबरातल्या परीक्षेला सप्टेंबरच पाठ करावा, हे मग ओघानं आलं.

प्रांजली वलथरेचा हा शेवटचा प्रयत्न होता. वयाची मर्यादा मार्चमध्ये संपत होती. चार वर्षांची गुनगुन तिनं माहेरी, कोसमटोल्याला, आईपाशी ठेवली होती. रोज दुपारी पावणेदोनला व्हिडिओवर भेट. लेकीशी बोलायचं आणि उजळणीही करायची, म्हणून प्रांजली समित्या गाण्यासारख्या म्हणायची आणि गुनगुन तिच्यामागून म्हणायची. काही गाणी पोरीची तिच्याआधी पाठ व्हायची.

निखत आणि तिनं अभ्यास वाटून घेतला होता, सगळेच घेत. 'समित्या व आयोग' हे पान प्रांजलीचं, 'आपत्ती व अपघात' निखतचं. शुक्रवारी दहाला व्हरांड्यात चहा घेताना एकमेकींना प्रश्न विचारायचे आणि दोन्ही पानं जोडायची.

"कापगते समिती," निखत म्हणाली.

"त्रिसदस्यीय. अध्यक्ष निवृत्त मुख्य अभियंता. अहवाल नव्वद दिवसांत. स्थापना वीस ऑगस्ट."

"कशासाठी?"

"ते तुझ्या पानावर. माझ्याकडे फक्त 'तलाव दुर्घटना' आहे."

"बाई, कलेक्टर झालीस तर खालच्या माणसांचं काही खरं नाही." निखतनं पान उलटलं. "एकोणीस ऑगस्ट, सकाळी अकरा ते बारा. माजी मालगुजारी तलावाची पाळ फुटून तेवीस मृत्यू, त्यात बालकं जास्त. शक्यता एकाहत्तर टक्के. गाव कोसमटोला." तिनं 'कोसमटोला' या शब्दावर गुलाबी रंग मारून ठेवला होता. "गावाचं नाव विचारतील असं मला वाटतं. काय गं? चहा सांडतोय तुझा."

प्रांजलीनं कप खाली ठेवला. दहा दिवस ती ही समिती म्हणत होती. गुनगुनही म्हणत होती. आणि तलावाच्या पाळीखाली, मातीच्या त्या जुन्या बांधापासून शंभर पावलांवर, अंगणवाडी होती.

"ते माझं गाव आहे," ती म्हणाली.

निखतनं रंगाच्या पेनाचं टोपण लावलं.

पाटबंधाऱ्याच्या कचेरीतले उपअभियंता डोंगरवार साधे गृहस्थ होते. त्यांनी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि ती सांगत होती ते मध्ये न बोलता ऐकलं.

"आम्हालाही अंक येतो," ते म्हणाले. "तुमच्या आधी येतो."

"मग पाळीचं काम सुरू झालं?"

त्यांनी पडद्यावर दोन फायली शेजारी शेजारी लावल्या. "ही पाळीच्या दुरुस्तीची. तिसऱ्या वर्षी तिसऱ्यांदा परत आली. आणि ही समितीची. आदेश तयार, कापगते साहेबांची संमती घेतलेली, फक्त तारीख टाकायची आहे. घटना घडल्यावर किती तासांत समिती नेमली, यावर हल्ली आमचं मूल्यमापन होतं, ताई. घटना घडलीच नाही, तर त्यासाठी रकाना नाही."

"हे बरोबर आहे का, सर?"

"नाही." त्यांनी चष्मा काढला. "आणखी सांगतो. यंत्र आमच्या फायलीपण वाचतं. पाळ खचतेय हे त्याला कळत होतं, तेव्हा शक्यता चोपन्न होती. समितीचा मसुदा तयार झाला त्या दिवशी एकाहत्तर झाली. त्याला वाटलं असेल, यांनी मनाची तयारी केली."

प्रांजलीनं विचारलं, तलावाचं पाणी आताच कमी केलं तर? डोंगरवारांनी दाराकडे पाहिलं.

"विनापरवाना पाणी सोडलं तर गुन्हा दाखल होतो. तुम्ही परीक्षा देताय. चारित्र्य पडताळणीत नाव अडकलं की पुढचं तुम्हाला माहीत आहे. मीसुद्धा त्याच अभ्यासिकेत बसून शिकलो, म्हणून सांगतो."

"तुम्ही काय पाठ करायचात?"

"जे होऊन गेलेलं असायचं ते," डोंगरवार म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या पहिल्या एसटीनं गावी गेली. मनाशी एकच ठरलं होतं: गुनगुनचे कपडे भरायचे आणि तिला घेऊन यायचं. खोली लहान आहे, निखत चालवून घेईल. गुनगुन अंगणातूनच पळत आली, तेल लावलेली, एक वेणी घातलेली, एक सुटलेली. तिनं आईच्या कमरेला मिठी मारली आणि पोटात तोंड खुपसूनच म्हणाली, "कापगते समिती, नव्वद दिवस." आईला तेच आवडतं अशी तिची समजूत होती.

प्रांजली तशीच खाली बसली. सुटलेली वेणी घालायला घेतली, पण बोटं केसांत अडकून राहिली.

कौतिकाबाई, तिची आई, मासेमारी करणाऱ्या बायांच्या गटाची अध्यक्ष होती. तिनं लेकीचं सगळं ऐकून घेतलं. पिशवीत जाणारे छोटे फ्रॉक बघत राहिली.

"म्हंजे एकाहत्तर आण्यांनं फुटते म्हंतेस."

"टक्के, आई."

"तेच ते. अन् तेवीस माणसं लिवली हायेत."

"हो."

"मंग तू गुनगुनले नेलीस तं बावीस होतीन, का तिच्या जागी आखीन कोनी येईन?"

बाहेर अंगणवाडी सुटली होती. पोरं ओळीनं चालली होती, पुढच्याचा सदरा मागच्यानं धरलेला. तिनं न मोजायचं ठरवलं तरी मोजली. एकोणीस होती. तिनं फ्रॉक पिशवीतून काढून परत खुंटीला लावले.

अडचण मासळीची होती. पंधरवड्यापूर्वीच गटानं तलावात बोटुकली सोडली होती, बोटाएवढी पिल्लं. पाणी सोडलं तर ती वाहून जाणार आणि वर्ष कोरडं जाणार. रविवारी सकाळी बाया पाळीवर जमल्या. तानूबाई म्हणाली, मशीन चुकत नाही का कधी? प्रांजली म्हणाली, चुकतं, दहात दोन-तीनदा. मग बोलणं वाढलं. कोणी म्हणालं, शिकल्यासवरल्या पोरीनं गावाच्या पोटावर पाय आणला. कोणी म्हणालं, शिकली म्हणून तरी समजलं. कौतिकाबाई मध्ये पडली नाही. ती पाळीच्या उतारावर गेली, टाच रोवली, आणि बाजूला झाली. टाचेच्या खड्ड्यात पाणी साठलं. तिनं ते पुसलं, पुन्हा साठलं. बाया वाकून बघत राहिल्या. त्यानंतर वाद झाला नाही.

पाळीतून पाणी काढायची जुनी मोरी, तिथे तिला तुडूम म्हणत, तिचा लाकडी दट्ट्या फुगून बसला होता. चौदा जणांना तो हलवायला दुपार झाली. मोरीच्या तोंडाशी बायांनी जाळी धरली, पण बोटुकली जाळ्याच्या डोळ्यांतून निसटत होती. चांदीच्या चुऱ्यासारखी ती बांधीत, खालच्या भातखाचरात, उडत होती. तलाठी आला तेव्हा त्यानं विचारलं, कोणी उघडलं? कौतिकाबाईनं तोंड उघडायच्या आत प्रांजलीनं स्वतःचं नाव सांगितलं. वडिलांचं नाव, पत्ता, आणि त्यानं विचारला नव्हता तरी परीक्षेचा बैठक क्रमांकही.

पाच दिवसांत पाणी पाच फूट उतरलं आणि पाळीतली भेग उघडी पडली. तिच्यात माणसाचा हात कोपरापर्यंत जात होता. गावानं तिथे माती दाबायला घेतली. विनापरवाना पाणी सोडल्याची नोटीस सहाव्या दिवशी आली.

पूर्वांकाची सुधारित आवृत्ती पुढच्या सोमवारी निघाली. प्रांजली अभ्यासिकेत परत आली होती. नोटिशीचं उत्तर द्यायला पंधरा दिवस होते, तोवर परीक्षेला बसू नको असं कोणी सांगितलं नव्हतं. निखतनं 'आपत्ती'चं पान तिच्यापुढे सरकवलं. कोसमटोल्याची ओळ नव्हती. 'समित्यां'च्या पानावरून कापगतेही गेले होते.

"पुसलीस गं," निखत हळूच म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मी सगळीकडे गुलाबी केलं होतं ते."

प्रांजलीला हलकं वाटायला हवं होतं. ती बाकीचं पान वाचत होती. इतके दिवस हे पान निखतचं होतं, म्हणून तिनं ते वाचलंच नव्हतं. चौदा ओळी राहिल्या होत्या. पुलाचा कठडा, आश्रमशाळेतलं जेवण, फटाक्यांचं गोदाम, दरड. प्रत्येकीत तारीख, गाव, आकडा, टक्के. आजूबाजूला दीडशे माणसं ओठ हलवत हेच म्हणत होती.

ती उठून उभी राहिली. अभ्यासिकेत बोलायला मनाई होती, दाराशी बसणारे बिसेन काका तिथूनच म्हणाले, "ताई, बाहेर जाऊन."

"एक मिनिट, काका." तिनं पान वर धरलं. "मी गावांची नावं वाचते. आपलं असेल त्यानं हात वर करा."

कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, सटकली हिची. तिनं पहिलं नाव वाचलं. काही नाही. दुसरं. काही नाही. तिसऱ्या नावाला खिडकीजवळ एक खुर्ची सरकली आणि एक मुलगी अर्धवट उठली. "माझ्या बहिणीचं सासर आहे," ती म्हणाली, आणि स्वतःचाच अंक आधी कधी न पाहिल्यासारखा उलटा-सुलटा करू लागली. मग सहाव्याला एक हात. आठव्याला दोन. बिसेन काका दारातून आत आले होते, पण गप्प करायला नाही. नवव्या नावाला त्यांनी आपला हात वर केला आणि तसाच ठेवला.

चौदावं नाव दरडीचं होतं. डोंगरावरची वस्ती, दोन सप्टेंबर, एकतीस मृत्यू, त्र्याऐंशी टक्के. प्रांजलीनं ते वाचलं. पंखे फिरत होते. तिनं पुन्हा वाचलं, मोठ्यानं.

"तिथलं कोणी नसणार," मागून कोणीतरी म्हणालं. "शाळाच चौथीपर्यंत आहे. तिथून कोण येणार इथे?"

पूर्वांक राज्यभर जात होता. त्या सकाळी किती शहरांतल्या किती अभ्यासिकांत ती ओळ पाठ होत असेल, कोणी जाणे. प्रांजली कागद हातात धरून उभी होती आणि दीडशे चेहरे तिच्याकडे पाहत होते. ज्या गावातून परीक्षेला कधी कोणी बसलंच नाही, त्या गावाला त्याची तारीख कोण सांगणार होतं?