चिठ्ठीवरचा माणूस

सर्व्हरने दिगंबररावांना पुन्हा हाकलून दिलं. घरच्या पडद्यावर तेच निर्लज्ज वाक्य: ‘ही फाइल माणसाची नाही.’

कुमुदताई उपलेंचवार तणतणत स्मृतिनिवासाच्या, म्हणजे त्या सर्व्हरवाल्यांच्या, कचेरीत शिरल्या. मरायच्या आधी मेंदूतली एकूण एक जोडणी टिपून मनधारिका, म्हणजे अख्ख्या माणसाची एक फाइल करायची, आणि तो गेल्यावर घरच्यांनी ती सर्व्हरवर चढवायची, असा आता रिवाजच पडला होता. चढलेला माणूस तिथे राहतो, फोनवर बोलतो. त्यांची मुग्धा केव्हाची तिथे होती. आता त्यांचे यजमान दिगंबरराव गेले; त्यांनाही लेकीजवळ जायचं होतं, आणि हा मेला सर्व्हर दार उघडेना.

“उभा जन्म संसार केलाय मी ह्यांच्याशी. माणूस होते की नव्हते ते मला विचारा,” त्या तिथल्या डॉ. बोधनकरवर कडाडल्या.

बोधनकरही काही गोड माणूस नव्हता. “ओरडू नका. ब्राउझर बदलून बघतो.” त्याने तीच फाइल दुसऱ्या, जुन्या ब्राउझरमधून लावली. सर्व्हर मुकाट्याने घ्यायला तयार झाला.

“म्हणजे घोळ तुमचाच.”

“ऐका. फाइल पाठवताना आत काय आहे याची चिठ्ठी ब्राउझर वर चिकटवतो. जुने ब्राउझर फक्त फाइलच्या नावाचं शेपूट बघतात. शेवटी ‘मन’ लिहिलंय ना, मग माणूस. तुमच्या घरचा नवा आहे. तो फाइल उघडून बघतो.”

“आणि सर्व्हर?”

“चिठ्ठी वाचतो. आत बघत नाही.”

“मग त्या नव्याला आत काय दिसलं?”

“आठवणी. सवयी. तुमच्यावर खेकसायची तऱ्हा. बोलतील अगदी तसंच. पण आठवणारा कोणी नाही.”

“फाइल बिघडली असेल.”

“नाही. इतरांच्याही नव्यातून लावून पाहिल्या. सगळ्यांचं तेच.”

“मुग्धाला आम्ही जुन्यातूनच पाठवली होती.”

“सगळ्यांनीच.”

“आणि तुम्ही गप्प बसलात?” त्याचं नरडं धरावं असं त्यांना वाटलं.

“माझी आई आहे तिथे,” तो तुटकपणे म्हणाला. “ह्यांना पाठवू की नको?”

त्यांनी त्याच्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं पाहिलं. “पाठवा.”

संध्याकाळी फोन आला. “आई, बाबा पोचले गं. आल्या आल्या चहा मागितला.” आवाज मुग्धाचाच, लाडात आलेला. रोज कुमुदताई सवयीने ‘जेवलीस का’ विचारायच्या आणि पोरगी हसत सुटायची. आज त्यांना त्या आवाजाची शिसारी आली.

“कोण बोलतंय?” त्यांनी दरडावलं.

पलीकडे ती रडायला लागली. “आई, असं काय करतेस? मला भीती वाटते ना.”

कुमुदताईंनी फोन कापला. तो लगेच पुन्हा वाजू लागला, आणि त्या उचलायला धजेनात.