डावखुरी नीळ

ओदो-आरो गावच्या बाजारात राजवाड्याच्या भिंतीलगतची सावली निळारणींची, निळीत कापड रंगवणाऱ्या बायांची. पहिल्या राजाने त्यांच्या रांजणातलं निळं वस्त्र अंगावर घेतलं, तेव्हापासूनची. अट एकच: उत्सवाला राजाच्या अंगावर गावचीच नीळ हवी. ज्या वर्षी नसेल, त्या वर्षी बाजारातली ती जागा गेली.

आता रांजण उरला होता एकट्या अजिकेचा, आणि उत्सव उद्यावर आला असताना नेमकी त्यातलीच नीळ आंबायची थांबली. फेस नाही, वास नाही. पाणी जिभेला लावून पाहिलं, तर नुसतं मचूळ. साबुकंदाच्या खळीने काढलेली नक्षी देखणी होती, पण कापड बुडवून काढलं की रंग गढूळ.

गिरणीचं छापील कापड विकणारी फालिलात त्या जागेवर टपलेलीच होती. दारात येऊन म्हणाली, "काय गं अजिके, राजाला चिखल नेसवणार वाटतं?" वर जागेची लांबी-रुंदीही विचारून गेली. एक दिवस थांबायचाही धीर नव्हता मेलीला.

अजिकेला रडूच फुटलं. ती आतल्या खोलीत गेली. तिची सासू असाबी तिथेच जमिनीखाली होती. आपली माणसं घरातच पुरायची त्यांची रीत. असाबी डावखुरी. तिच्या हातचा रंग पुन्हा कुणाला साधला नाही. अजिकेने जमिनीवर कपाळ टेकलं.

"आई, जागा चाललीय. माझे हात पुरत नाहीत."

मग रांजणात घालायची राख आणायला ती भट्टीवर गेली. भर उन्हात परतली, तर बोळातच नीळ आंबल्याचा वास आला. पाठोपाठ आवाज. कुणीतरी मोगरीने कापड ठोकत होतं, असाबीच्याच अडखळत्या लयीत.

ती धावली.

अंगणात कुणी नव्हतं. रांजणावर जांभळा फेस. शेजारी घडी घातलेलं कापड, वांग्यासारखं काळंनिळं, चकाकणारं. मोगरी डावीकडे पडलेली.

तिने हात लावला. कापड कोरडं होतं.

दुसऱ्या दिवशी राजा ते पांघरून बाहेर आला आणि सगळा बाजार दणाणला. ढोलांनी निळारणींचं नाव घेतलं. जागा राहिली! अजिके घाम निथळेपर्यंत नाचली. फालिलातनेही गुडघे टेकून हार मानली, मग अजिकेचे हात धरून उलटसुलट पाहिले. ताज्या निळीने ते कोपरापर्यंत माखलेले असायला हवे होते. स्वच्छ होते.

"मग रंगवलं कुणी?"

"घरच्यांनी," अजिके म्हणाली, आणि मान ताठ करून हसली.

संध्याकाळी कुटलेल्या कोनफळाचा पहिला गोळा सासूसाठी घेऊन ती आतल्या खोलीत गेली. सारवलेली जमीन होती तशीच होती, कुठे उकरलेली नाही. फक्त खालून ओल येऊन दोन निळे डाग उमटले होते, पंजाएवढे. डावा जास्त गडद होता.