तीन नंबरच्या शेडातला कॅमेरा

सुकेशनीनं ती पैज घ्यायलाच नको होती. पण चहा गरम होता, ऐकणारे चार-पाच जण होते, आन् योगीराजकाका गालातल्या गालात असे हसले की तिच्या तोंडातून "लावा पैज" निघूनच गेलं.

सेलूजवळच्या एका जिनिंग मिलवरची ही गोष्ट. योगीराजकाका तिथले मॅनेजर. सुकेशनी आयटीआय करून दोन वर्षं दुसऱ्याच्या दुकानात नुसती पकड आन् पेचकस हातात देत राहिलेली. आता पयल्यांदाच स्वतःच्या नावावर कॅमेरे बसवायचं काम मागायला आलती. काका म्हणले, "तीन नंबरच्या शेडात दिवस बुडल्यावर एकटीनं कॅमेरा चालू करून दाखव. बाकीचे अकरा कॅमेरे तुझे. न्हाई जमलं तर आपला जुना माणूस हायेच."

"अंधारातलं चित्र तपासायला अंधार लागतोच की काका," सुकेशनी म्हणली. "त्यात काय पैज?"

चहावाला कप विसळत हळूच बोलला, "त्या शेडात सुलाबाई बसती, पोरी."

सुलाबाई म्हंजी मिलमधली जुनी मजूर. कापसातला काडीकचरा वेचायची. एका हंगामात कापसाची गंजी ढासळली आन् ती खाली दबून मेली. तवापासून म्हणे दिवे लागायच्या वक्ताला गंजीच्या टोकावर बसून वेचत राहती. कुणाला काय करत न्हाई बिचारी. नुसती वेचती.

सुकेशनीसंगं तिची धाकटी बहीण होती, अर्पिता. वय सोळा, दहावीत दोनदा आपटलेली, पण खोड्यांत पयला नंबर. शेजारच्या काकूच्या मोबाईलला तिनं कोंबड्याची रिंगटोन लावून दिली, आन् ती काकू दोन दिवस भर दुपारी उठून अंगणात सडा टाकायलती.

"ताई, भ्याव वाटलं तर हाक मार," अर्पिता म्हणली. "मी लगेच पळून जाते."

शेडात बल्ब नव्हता. कापसाला एक ठिणगी पुरती, म्हणून तिकडं लाईटची वायरच नेलेली नव्हती. पण ह्या कॅमेऱ्याला तिची गरज न्हाई. हापिसात एक डबी, डबीतून निघालेली एकच निळी वायर. तीच कॅमेऱ्याला लाईट देती, तीच त्याचं चित्र घेऊन येती. वायर निघाली की डोळा मिटला, इतका सोपा कारभार. सुकेशनीनं अर्पिताला हापिसात डबीपाशी बसवलं, काका गेटवरच्या बाजेवर मोबाईलमधी चित्र बघायला बसले, आन् ती शिडी खांद्यावर घेऊन शेडात गेली.

आत पांढरा डोंगर. कापसात आवाज बुडून जातो बगा. आपलंच पाऊल आपल्याला ऐकू येत न्हाई. सरकीचा कोमट, तेलकट वास. वर पत्र्याखाली एक पारवा हलला आन् गप झाला. सुकेशनीनं स्क्रू आवळले, वायरीची क्लिप टक् करून बसवली. कॅमेऱ्याभोवती डाळिंबाच्या दाण्यासारखे बारके लाल दिवे लागले.

"काका, दिसायलंय का?" तिनं फोनवर इचारलं.

"दिसायलंय की. तुझी येणीबी दिसायली."

ती खूश होऊन खाली उतरली. उतरली आन् दिवे गेले. परत चढली, क्लिप दाबली, दिवे आले. उतरली... परत गेले. परत चढली, परत आले. तिसऱ्यांदा गेले ते गेलेच.

क्लिप ढिली असंल, ती मनाला म्हणली. पण पाय काय शिडीकडं जाईना.

मग आवाज आला. खुस... थोडं थांबून, खुस... बोटानं कापूस फुलवावा, काडी काढून बाजूला टाकावी, तसा.

"काका..." ती फोनमधी कुजबुजली. "चित्र गेलं ना?"

"न्हाई. चालू हाय." काकांचा आवाज एकदम बारीक झाला. "सुकेशनी... तुझ्या मागं गंजीवर कोण बसलंय..."

तिनं मोबाईलचा उजेड मागं फिरवला. नुसता कापूस. ती काय पळाली न्हाई, पण शिडी आतच राहिली.

गेटवर काका बाजेवर उभे, हातात चप्पल. "नको बाई मला कॅमेरे. गंजीवरचं हे दिसत नव्हतं तेच बरं होतं."

सुकेशनीनं मनात हिशेब केला. अकरा कॅमेरे गेले. उद्यापासून परत पकड आन् पेचकस.

ते ऐकतच अर्पिता आली. तिनं बहिणीच्या तोंडाकडं पाहिलं, काकांकडं पाहिलं, मिलमधी सगळ्यांच्याच केसात बसतो तसला कापसाचा पुंजका आपल्या केसातून काढला आन् म्हणली, "काका, ती मीच होते. मागल्या फटीतून शिरले, अंगाला कापूस गुंडाळला, जाऊन बसले. ताईला भेडवायला."

काका तिच्याकडं बघत राहिले, आन् मग उचकी लागंस्तवर हसले. "तरी मी म्हणलं, सुलाबाई इतकी बारीक कशी झाली." सुकेशनीनं बहिणीचा कान लाल होईपर्यंत पिळला, पण काम मिळालं.

पंधरा दिवसांनी शेवटचा कॅमेरा लागला. दोघी हापिसाच्या गच्चीवर कागदातले भजे खात पाय हलवत बसल्या. सुकेशनीनं दुकानाचं नावबी ठरवलतं. अर्पिता म्हणायली, त्यात माझंबी नाव घाल, कान मीच दिलता.

"ताई," ती मधीच म्हणली. "चिडणार नसशील तर सांगते. मी शेडात गेलेच न्हवते."

"मंग?"

"डबीपाशीच बसलते. तुला शिडीवर चढ-उतर करायला लावायचं म्हणून वायर उपटायलते. तीनदा."

सुकेशनी खो खो हसली. हसता हसता थांबली. "तिसऱ्यांदा... काका चालू हाय म्हणायलते तवा?"

"तवा वायर माझ्या मुठीत होती."

"मंग काकांपुढं खोटं कामून बोललीस?"

"तुझे अकरा गेले असते की." अर्पितानं हातातलं भजं परत कागदात ठिवलं. "आन् ताई... ती वायर कुणीतरी शेडाकडून हळूहळू वढायलतं. मला वाटलं, तूच हायस."