चार ठोके

हे खरं आहे. पटत नसेल तर सोडून द्या, पण मला शहाणपण शिकवायला येऊ नका. त्या भिंतीला कान लावून मी उभा होतो, तुम्ही नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट. गुरुवार, भर दुपार.

आम्ही दोघे भाऊ गवंडी. जुन्या दगडी बांधकामाची डागडुजी करतो. वीसेक वर्षं बंद पडलेलं एक चर्च वस्तीसाठी खुलं करायचं काम आलं होतं. मोठ्या दालनात सभागृह. वेदीमागची खोली, जिथे पूर्वी पाद्री झगा चढवायचे, तिथे बायकांचा शिवणवर्ग. त्या खोलीला दार फक्त बाहेरून, तेही चार पायऱ्या चढून. म्हणून मधली भिंत फोडून चाकाची खुर्ची जाईल एवढं रुंद दार काढायचं होतं.

भिंत अडीच हात जाड. दोन्ही अंगांना घडीव दगड, पोटात नुसती दगडमातीची भर. खोलीकडचे दगड दादानं आदल्या दिवशी काढले होते, त्यामुळे तिकडून भर फळ्या आणि टेकूंवरच उभी होती. आता दालनाकडून मी फोडणार, पलीकडे दादा टेकू सांभाळणार.

एवढ्या भिंतीतून हाक ऐकू जात नाही. फोनही लागत नव्हता. म्हणून आमची नेहमीची रीत. मी तीन ठोके द्यायचे, म्हणजे "घाव घालतोय, लांब हो." दादानं दोन द्यायचे, म्हणजे "झालो." मी एकच दिला तर "मी थांबलोय, तू तुझं काम कर."

इतक्या वर्षांत एकदाही गफलत नाही.

त्या दिवशी सकाळी मी तीन ठोके दिले.

दोन आले.

पहार उचलली आणि सहज खिडकीतून बाहेर बघितलं, तर...

दादा झाडाखाली चुना कालवत होता.

अंगावर सर्रकन काटा आला. धावत बाहेर गेलो आणि त्याच्यावरच ओरडलो, "तू आत नव्हतास?"

"अजून नाही गेलो. का रे?"

"मग ठोके कोणी दिले?"

तो खो खो हसला. "पाद्रीबुवांनी दिले असतील. त्यांना म्हणावं, बसलात काय नुसते, दोन घमेली माती उचला."

मग माझा चेहरा बघून त्यानं हसू आवरलं. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बरं, असं करू. मी दोनऐवजी चार देईन. हे आपल्या दोघांतच."

बाकीचे मजूर अजून यायचे होते, आसपास चिटपाखरू नव्हतं. मी नीट बघितलं होतं.

माझं चुकलं ते तिथेच. काम बंद ठेवायला हवं होतं. पण दुपारी आर्किटेक्ट मॅडम बघायला येणार होत्या. भुताला भिऊन दार राहिलं, हे त्यांना सांगायची मला लाज वाटली. आग लागो त्या लाजेला.

बाकीची माणसं जेवायला गेली, दादा वळसा घालून पलीकडच्या खोलीत गेला. दालन रिकामं. छतात सकाळपासून कबुतरं फडफडत होती, तीसुद्धा गप्प झाली होती...

मी तीन ठोके दिले आणि दगडाला कान लावला.

एक.

दोन.

तीन.

मग बराच वेळ काहीच नाही...

चार.

"शाबास दादा," असं म्हणून मी पहार घातली.

दगड सुटला. आतली भर भसाभस पलीकडे कोसळली. आणि दादाची किंकाळी आली, अगदी जवळून, त्या दगडाच्या मागूनच.

चर्चला वळसा घालून मी कसा पळालो, मला आठवत नाही. तो छातीपर्यंत गाडला गेला होता. नखं निघेपर्यंत मी माती उपसली.

ॲम्ब्युलन्समध्ये त्याच्याजवळ मी एकटाच होतो. त्यानं माझा हात धरला.

"तू एकच ठोका दिलास ना रे? थांबलोय म्हणून? म्हणून तर मी टेकू आवळायला वाकलो."

"मी तीन दिले दादा! तू चार दिलेस!"

"मी..." त्याला धाप लागली. "मी एकही दिला नाही."

दवाखाना यायच्या आत तो गेला.

वहिनीनं मला एवढंच विचारलं, "भाऊजी, खूण आली होती ना?"

"आली होती. दादानं चार ठोके दिले, तेव्हाच मी घाव घातला."

तो नाही म्हणाला होता, ते मी गिळून टाकलं. भाऊ मारला, असं तिनं माझ्याकडे बघायला नको होतं मला. भेकड आहे मी.

दार दुसऱ्या गवंड्यांनी पुरं केलं. शिवणवर्ग सुरू झाला आणि मी नको नको म्हणत असताना वहिनीनं त्यात नाव घातलं.

गेल्या महिन्यात ती वर्गावरून आली ती हसत. वर्षभरात पहिल्यांदा.

"भाऊजी, ते तिथेच आहेत हो! बायका गेल्या की मी भिंतीवर कात्रीनं तीन ठोके देते. ते चार देतात. तुम्ही सांगितलं होतं ना, तस्सेच."

मी तिच्या हातातली पिशवी घेऊन खुंटीला अडकवली.

कसं सांगू तिला? ते चार ठोके दादानं कधी दिलेच नव्हते. ज्यानं दिले, त्यानंच त्याला नेलं. हे सांगितलं तर तिचं हसू जाईल आणि माझं खोटं उघडं पडेल. यातलं मला भय कशाचं आहे, तेच कळत नाही.

परवा म्हणाली, "भिंतीला टेकून बसलं की ते फार जवळ येतात." मी मान खाली घालून जेवत राहिलो.

आज वर्गाला सुट्टी आहे. तरी ती सकाळीच गेली, अजून आलेली नाही.