तिसरं घर

लाकडाच्या वखारीसमोरून ती कामावर निघाली होती, तेवढ्यात एक मोळी सुटून तिच्या पायाशी पसरली. वखारवाला आतून धावत आला आणि माफी मागायची सोडून म्हणाला, "आळा तुटला."

ती जागच्या जागी थांबली. ती शब्दकोशाच्या कचेरीत कामाला. 'आळा घालणं' म्हणजे रोखणं, हे सगळ्यांनाच ठाऊक. पण आळा म्हणजे मोळी बांधायचा दोरीचा वेढा, हा जुना अर्थ नव्या आवृत्तीतून उडणार होता. कचेरीत ज्यांना 'कात्री' म्हणत, त्या साहेबांचा नियम होता: तीन वेगळ्या घरांतली तीन माणसं शब्द बोलताना सापडली, तरच अर्थ राहील. वर्षभर वणवण करून एकही घर मिळालं नव्हतं, आणि इथे दाखला आपणहून पायाशी पडला होता.

तिने उभ्या उभ्या चिठ्ठी लिहून घेतली. इथलं काम संपलं. तरी ती दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्याही. वखारवाला रोज नवं वाक्य काढून ठेवी... आळा भिजला, आळा काथ्याचा, आळा पिळताना बोट सोललं. एका माणसाची शंभर वाक्यं एकच धरतात, हे ती त्याला सांगायला रोज विसरत होती. समोरच्या घरातल्या मावशींनी दुसरा दाखला दिला, वर "पोरी, चपला झिजतील" असा शेराही मारला.

पानं छपाईला जायच्या दिवशी ती रडवेली होऊन आली. तिसरं घर सापडलंच नव्हतं. अर्थ जाणार, आणि इथे यायचं निमित्तही. खरं तर दुसरंच तिला जास्त लागलं होतं.

वखारवाल्याने खिशातून चुरगळलेली चिठ्ठी काढली. अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. 'हा आळा सैल आहे, मोळी वाटेतच सुटेल. बोलणाऱ्या: कोशातल्या बाई.'

"हे मी म्हणाले?"

"परवा. माझ्याशी भांडताना."

तिने नियम दोनदा आठवून पाहिला. बसत होतं.

"आजच द्या ती," तो काथ्याचा पीळ उगाच उलगडत म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "पुढे तुमचं घर वेगळं धरणार नाहीत. म्हणजे... तुमची हरकत नसेल तर."

तिने चिठ्ठी नीट घडी करून पर्समध्ये ठेवली. मग तिला हसू आवरेना.

"तारीख राहिली," ती म्हणाली.

"चिठ्ठीवर?"

"तीही."